आकाशातील कुलूप
(वडपे येथील अभ्यासवर्गातील भाषण)



येथील महामार्गालगतच्या गोदामाला मालकाने कुलूप ठोकले, तर ते हमालाला दिसते. तो फाटकाशी जाऊन जाब विचारू शकतो. आज मी ज्या कुलपाविषयी बोलणार आहे, ते आकाशात आहे आणि दिसत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युक्रेन सरकारच्या विनंतीवरून एलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीने आपली स्टारलिंक ही उपग्रह-इंटरनेट सेवा तेथे काही तासांत सुरू केली. तिचा त्या देशाला मोठा आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु रशियाने २०१४ मध्ये बळकावलेल्या क्रिमियात ती चालू नव्हती. सेवास्तोपोल येथील रशियन आरमारावर सागरी ड्रोनांनी हल्ला करण्यासाठी ती चालू करावी, अशी मागणी युक्रेनने त्याच वर्षी केली. मस्क यांनी ती नाकारली. अमेरिकेचे निर्बंध आणि युद्ध चिघळण्याची भीती, अशी कारणे त्यांनी पुढे दिली. निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद संभवतात. माझा प्रश्न एवढाच की, रणभूमीची सीमा एका भांडवलदाराने आखावी काय?

हा प्रश्न दूरचा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या जिल्ह्यांतील दुर्गम भाग जोडणे हा त्याचा हेतू. पाड्यावरची शाळा आणि दवाखाना जोडला जावा, याला आपला विरोध असण्याचे कारणच नाही.

कोणी म्हणेल, किल्ली शासनाकडे असली म्हणजे झाले. तेही पुरेसे नाही. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत, म्हणजे सुमारे १८ महिने, जलद मोबाइल इंटरनेट शासनानेच रोखून धरले होते. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२० मध्ये सांगावे लागले.

तेव्हा आपली मागणी नेमकी असावी. अशा प्रत्येक कराराच्या अटी विधिमंडळापुढे याव्यात. सेवा कोठे द्यायची आणि कोठे थांबवायची, याचा निर्णय लेखी, प्रसिद्ध, मुदतबंद आणि न्यायालयात आव्हान देता येईल असा असावा. सार्वजनिक क्षेत्रातील दूरसंचाराचे जाळे गावोगाव सक्षम ठेवावे. कारण दुसरा मार्ग उरला नाही, तर करारातील अटींना अर्थ राहत नाही.

गोदामाच्या फाटकाशी जाब विचारण्याचा हक्क कामगारांनी संघटनेच्या बळावर मिळवला. आकाशातील कुलपाबाबतही तो तसाच मिळवावा लागेल.