आधी दांडी काढा!

श्रोतेहो, ऑटोमॅटिक गाडी जुनी झाली, की एक दिवस 'डी'त टाकल्यावरही क्षणभर जागची हलत नाही. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र रेंगाळते. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आणि तुम्ही हो म्हणून मोकळे! अहो, तेल बघितलंत का?

बघितलं म्हणाल. पण गार गाडीत, इंजिन बंद करून. तिथंच तर घोळ आहे. तसं इंजिन ऑइल बघतात. गिअरबॉक्सचं तेल चालू इंजिनवर बघायचं. ह्युंदाईची जुनी आय-टेन ऑटोमॅटिक धरा. पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा, सपाटीला उभी करा, हँडब्रेक ओढा. ब्रेक दाबून लीव्हर सगळ्या खाचांतून एकदा फिरवा आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तिथं आणा. मग तेल मोजायची दांडी काढा, पुसा, घाला, परत काढा. पदर-बाह्या पंख्यापासून सांभाळा. आणि इंजिन चालूच, बरं का!

असं का? लग्नघरात पंगत बसायच्या आधी मांडणीवर ताटंच ताटं दिसतात. पंगत बसली की निम्मी मांडवात जातात. इंजिन चालू झालं की टॉर्क कन्व्हर्टर तेल ओढून घेतो, म्हणजे पंगत बसली. आता मांडणीवर काय उरलं, ते मोजायचं. ताटं कमी पडली तर पाहुणे आरडाओरडा करतात, आणि तुम्ही निघालात आचारी बदलायला! तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, आतले क्लच घसरतात. जास्त ओतलंत तरी तेल फेसाळतं आणि पुन्हा तोच तमाशा.

होंडाच्या पुष्कळ गाड्यांत मात्र तेल तापल्यावर इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात बघायचं असतं. म्हणून म्हणतो, पुस्तक उघडा.

आता दांडीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवा. लालसर असेल तर ठीक. तपकिरी म्हणजे जुनं झालंय. काळं आणि करपट वासाचं असेल तर क्लचच्या चकत्या जळल्यात, तिथं नुसतं तेल बदलून भागत नाही. दुधाळ गुलाबी दिसलं तर बहुधा रेडिएटरचं पाणी शिरलंय, गाडी तशीच दामटू नका. आणि पातळी कमी असेल तर तेल गेलं कुठं? हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून जात नाही. कुठंतरी गळतंय, ते शोधा. आय-टेनसारख्या जुन्या ह्युंदाईंना एसपी-थ्री तेल लागतं. 'कुठलंही लाल चालतं' असं म्हणणाऱ्याच्या दारातून गाडी परत फिरवा.

स्कॅनरवर पी ०७०० कोड आला म्हणून घाबरू नका. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदली आहे, एवढाच त्याचा अर्थ. खरा कोड पुढे असतो, तो वाचायला लावा. 'आर'मध्ये टाकताना दणका बसतो? कधी कधी गिअरबॉक्स धडधाकट असतो, इंजिनाचं माउंटिंग फाटलेलं असतं. ते ओळखायचं कसं, तर बॉनेट उघडून एकानं... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीचं राहूनच गेलं. तिचं तेल वेगळं, हे लाल तेल तिच्यात ओतू नका. आणि पुन्हा सांगतो, आय-टेनच्या गिअरबॉक्सचं तेल चालू इंजिनवर!