ट्रॅक्टरची घरगुती यारी

यारी म्हटली की शहरवासीयांस बंदरातील अजस्र यंत्र आठवते. परंतु लोखंडी नळ्यांची त्रिकोणी चौकट करून टोकास आकडा लावला व ती ट्रॅक्टरमागील तीन दांड्यांस अडकविली, की घरचीच यारी तयार होते. ही तीन दांड्यांची योजना आयर्लंडात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनची. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. खालच्या दोन दांड्या तेलाच्या दाबाने उचलल्या जातात; वरची चौकटीस धरून ठेवते.

मात्र यंत्राने ओझे उचलले म्हणजे ते ट्रॅक्टरला पेलले, असे नव्हे. येथे न्याय शाळेत शिकविल्या जाणाऱ्या तरफेचा. मागील आस हा तिचा टेकू. त्यामागे अडीच मीटरवर २०० किलो टांगले व दोन्ही आसांत २ मीटर अंतर असले, तर पुढील चाकांवरचा भार २५० किलोंनी घटतो. चाके अशी हलकी झाली, की ती वळविली तरी ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तो मागे उलटून चालकाचा प्राणही घेतो. म्हणून सुज्ञ शेतकरी यारी आखूड ठेवतो, पुढे वजने बांधतो, ओझे जमिनीलगत नेतो आणि त्याखाली कोणास उभे राहू देत नाही. लोखंड जोडणे हे कारागिराचे काम. अंतर मोजणे हे मालकाचे.