दर्यावर निघायच्या आधी



आम्ही किनाऱ्यावरच्या बायका. मासळी सुकवतो, विकतो. खोल दर्यात मात्र जातात ते पुरुषच. म्हणून २ ऑक्टोबर २०२४ ला नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, तेव्हा आम्ही कान टवकारले. सतरा मीटरची शिडाची नाव आणि माणसं दोनच!

तुम्ही पेरणीला वाफसा बघता, तसा दर्यावर निघायला हंगाम बघावा लागतो. ऑक्टोबरात आपला पावसाळा सरलेला असतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, पोचेपर्यंत तिकडे उन्हाळा असतो. तिथला खवळलेला दर्या त्यातल्या त्यात तेव्हाच पार करावा.

या दोघींची तयारी तीन वर्षं चालली होती. भर दर्यात हाकेला कोण येणार? शीड फाटलं तर आपणच शिवायचं, यंत्र बिघडलं तर आपणच उघडायचं, दुखलं-खुपलं तर आपणच बघायचं. एक झोपली की दुसरीने जागायचं. पहिला मुक्काम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला, तिथे पोचायलाच महिना उलटला. २९ मे २०२५ ला दोघी सुखरूप गोव्यात परतल्या.

हे ऐकून आमच्या गटात विषय निघाला: दर्याकाठी जन्मलेल्या आपल्या किती पोरींना पोहता येतं? बोटं मोजली, एक हातही भरला नाही. आता आधी पोहणं शिकवायचं ठरवलंय. होडीचं पुढे बघू.

तुमच्या गावात विहीर आहे, नदी आहे. तुमच्या पोरींना पोहता येतं का?