फटफटी मध्येच बंद पडते तेव्हा



मागच्या खेपेला तुमच्यापैकी दोघांनी मला विचारलं होतं, "मिस्त्री, आमची फटफटी चालता चालता बंद का पडते?" आज तेवढंच बोलू.

मी बोलणार आहे ते जुन्या गाडीबद्दल. १ एप्रिल २०२० नंतर निघालेल्या बहुतेक मोटारसायकलींना कार्बुरेटर नाही. पण दुधाचे कॅन वाहणाऱ्या जुन्या गाड्या आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. आपण साडेतीनशे बुलेटचं उदाहरण घेऊ. १९५०च्या दशकात ती मद्रासला जुळवू लागले. माझे हात तिच्यावरच काळे झाले.

पेट्रोलची वाट कशी आहे ते आधी पाहा. टाकी वर, कार्बुरेटर खाली. मध्ये पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. टाकीतून कॉकमध्ये, कॉकमधून नळीत, नळीतून कार्बुरेटरच्या वाटीत. वाटीत फ्लोट असतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत फुगा असतो ना, तसाच. वाटी भरली की तो वर येतो आणि सुई पेट्रोल बंद करते. पुढे जेट, म्हणजे बारीक भोकाचे पितळी तुकडे. त्यांतून पेट्रोल हवेत मिसळतं आणि इंजिनात जातं.

आता माझीच एक चूक सांगतो. २००८ सालच्या पावसाळ्यात मी एका गॅरेजात कामाला होतो. एक दूधवाले गृहस्थ बुलेट घेऊन आले. गाडी चार-पाच किलोमीटर बरी चाले, मग गुदमरून बंद पडे. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू! दोनदा त्यांचं दूध नासलं. मी जेट बदलले. गुण नाही. मग नवा कार्बुरेटर बसवला. त्याचे पैसे त्यांनी उसने आणले होते. तरी गाडी वाटेत उभीच.

शेवटी त्यांनीच दोष शोधला. पेट्रोल संपलं की काय, म्हणून त्यांनी रस्त्यात टाकीचं झाकण उघडलं. 'स्स' असा आवाज झाला, आणि गाडी एका किकला लागली. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांनी झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घातला होता! झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते त्याने बुजलं. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो की नाही? एकाने तेल येतं, दुसऱ्याने हवा जाते. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली कसं येणार? आणि मी शहाणा, झाकणाला हातही न लावता कार्बुरेटर विकून बसलो.

तेव्हापासून मी वरून खाली पाहत जातो. आधी विडी विझवा, इंजिन गार होऊ द्या. पेट्रोल तोंडाने कधी ओढू नका. मग झाकण. मग कॉक. तो चालू आहे ना? टाकीत पेट्रोल कमी असेल तर रिझर्व्हला फिरवा. नंतर कार्बुरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. मिनिटभर एकसारखी धार आली पाहिजे. धार बारीक होत ठिबकायला लागली आणि झाकण उघडताच पुन्हा वाढली, तर दोष झाकणाचा. झाकण उघडूनही धार बारीकच, तर कॉकच्या जाळीत कचरा. बाटली थोडा वेळ ठेवून द्या. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट तळाशी बसतं. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, चिरतात. त्या बोटांनी दाबून पाहा.

धार चांगली असेल, तरच कार्बुरेटरकडे वळा. खालच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर सुईत कचरा अडकला आहे, किंवा फ्लोटला भोक पडलं आहे. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल असेल तर खळखळ ऐकू येते. गाडी स्लोला थांबत नाही, चोक ओढला तरच चालते, तर स्लोचा जेट तुंबला असेल, नाहीतर कार्बुरेटर बसवतो त्या जोडातून हवा ओढली जात असेल. स्लोला ठीक पण पूर्ण रेस दिली की गुदमरते, तर मोठा जेट पाहा.

जेटमध्ये तार घालू नका. भोक केसाएवढं मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. सायकलच्या पंपाने हवा मारा. जेटवर आकडा कोरलेला असतो, तो वहीत लिहून ठेवा. नवा घेताना दुकानातच आकडा वाचा. मोठा आकडा म्हणजे मोठं भोक. हवेच्या स्क्रूला हात लावण्याआधी तो हलकेच शेवटपर्यंत आत फिरवा आणि किती आटे गेला ते मोजा. तेही लिहा. नाहीतर परत कुठे आणायचा ते कळत नाही.

प्लग काढून पाहायला विसरू नका. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी. विटकरी असेल तर कार्बुरेटरला उगाच दोष देऊ नका. प्लग ओला असेल, तर पेट्रोल पोचतं आहे. मग ठिणगी पडते का ते पाहा, पण सांडलेलं पेट्रोल पुसून आणि बाटली लांब नेऊन.

ज्यांच्या गाड्या बिघडल्या आहेत, त्यांनी पुढच्या वेळी घेऊन या. अंगणात लावा, वर्गाच्या ओट्यावर नको. तिथे कंदील असतो.