नेमबाजी : एक शिस्तीचा खेळ



मागे एका पालकांना मी सुचविले, "मुलाला नेमबाजीला घाला." ते दचकले. "सर, आमच्या पोराच्या हातात बंदूक? लोक काय म्हणतील?" ही भीती मला समजते. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

नेमबाजी 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासूनचा खेळ आहे. दहा मीटर एअर रायफलमध्ये दारू नसते. दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा छर्रा सुटतो. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो टिपायला श्वास आणि मन आवरावे लागते. राग आला, घाई झाली, की नेम चुकलाच. रेंजवर नळी नेहमी लक्ष्याकडे हवी, आणि हुकमाशिवाय छर्रा भरायचा नाही. तिरंदाजीच्या सरावाला हदीसमध्ये उत्तेजन आहे, हे आपण जाणतोच.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो आपल्या नाशिकला नेमबाजी शिकला. पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम साधत, त्याने कांस्यपदक मिळविले.

मुलींनीही मागे राहू नये. अंजली भागवत यांनी मुंबईत कॉलेजच्या एन.सी.सी.त रायफल प्रथम हाती घेतली आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. उत्तर प्रदेशचे मेराज अहमद खान 2016 साली रिओला गेले. स्कीट प्रकारात ऑलिंपिक गाठणारे ते पहिले भारतीय. 2022 साली त्यांनी विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. लोक काय म्हणाले? लोकांनी टाळ्या वाजविल्या!

खर्चाची चिंता खरी आहे. स्पर्धेची रायफल महाग असते. पण आरंभी ती विकत घेऊ नका. एन.सी.सी.त .22 रायफलचा सराव मिळतो, तेथून सुरुवात करा. क्लबमध्ये जायचे तर तेथील रायफलवर शिका. काडतुसाच्या बंदुकीला 1959 च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो. त्या वाटेला अनुभवी प्रशिक्षकांच्या सल्ल्यानेच जा.

पालकहो, निर्णय घेण्यापूर्वी एकदा मुलाबरोबर रेंजवर या आणि मागे बसून पाहा. घरी पाच मिनिटे स्वस्थ न बसणारा मुलगा तेथे श्वास रोखून उभा दिसेल. मग लोक काय म्हणतील, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.