एकाच माणसासाठी काढलेलं चित्र
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून संगणकावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज पत्रांबद्दल बोलते.

आल्फ्रेड फ्री हे अमेरिकेतल्या वृत्तपत्रांचे व्यंगचित्रकार. जन्म १८८० चा. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' दैनिकात त्यांची चित्रं हजारो लोक पाहत. १९१२-१३ च्या सुमारास ते युरोपात होते आणि त्यांची वाग्दत्त वधू जुलिएट फांचुली न्यूयॉर्कला. तिला ते चित्रांची पत्रं पाठवत. १० जानेवारी १९१३ च्या पत्राची तर गंमतच आहे. तो कागद कापून दुमडला, की भिंतींवर चित्रं टांगलेलं चिमुकलं कलादालन उभं राहतं! छापलेली चित्रं दुसऱ्या दिवशी रद्दीत जात. हे पत्र मात्र स्मिथसोनियन संस्थेच्या कला-अभिलेखागारात आजही जपलेलं आहे.

हे वाचलं आणि मला बाबांची आंतरदेशीय पत्रं आठवली. बारावीनंतर मी साताऱ्याहून सांगलीला इंजिनिअरिंगला गेले. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, पण घरी फोन नव्हता. 'तुझी आठवण येते' असं म्हणणं बाबांना कधी जमलं नाही. ते पत्राच्या कोपऱ्यात चित्र काढत. ढगात बुडालेला अजिंक्यतारा. अंगणात उभी माझी सायकल. एकदा जेवणाची चार ताटं, त्यातलं एक रिकामं. त्या रात्री हॉस्टेलमध्ये मला जेवण गेलं नाही.

बाबा आता नाहीत. त्यांचे मोबाइलवरचे मेसेज जुन्या फोनबरोबर गेले. पत्रं सतरा आहेत. माझ्या लेकीला मराठी अडखळत वाचता येतं, पण रिकामं ताट तिला न सांगता कळलं.

म्हणून एक विनंती. आपले काही शिक्षक वयोमानामुळे आज येऊ शकले नाहीत. दाराजवळच्या टेबलावर पोस्टकार्डं आणि त्यांचे पत्ते ठेवले आहेत. ग्रुपवर फिरणारी फुलं नकोत. बाईंची छत्री, सरांचं डस्टर, आपला शेवटचा बाक, जे आठवेल ते काढा. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल, त्या एकाच माणसासाठी असलं म्हणजे झालं. आणि जेवायला बसण्याआधी काढा, नंतर कुणी काढत नाही!