बोलण्याचे कुंपण



घटनेच्या १९व्या कलमाने आपणांस भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यास कुंपणही घातले. अब्रुनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे तेथे मोजून दिली आहेत. निर्बंध वाजवी हवा, ही अटही आहे. कोणास राग आला, हे कारण त्यांत नाही.

२०१२ साली पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तेथील एका तरुणीने बंदविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने ते पसंत केले. दोघींना अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते ६६अ कलमच रद्द केले. चर्चा वेगळी, चिथावणी वेगळी, असा न्यायालयाचा निवाडा.

कुंपण आम्हांसही हवे आहे. पण कुंपणच शेत खाऊ लागले, तर राखण आपणच केली पाहिजे.